मोहोळ कोणाचे, खर्च कोणाचा?

‘आग्यामोहोळ उठले’ हा वाक्प्रयोग आपल्या राजकीय लेखनात इतका रुळला आहे की त्यामागचा कीटक बहुतेकांच्या विस्मरणातच गेला आहे. विधिमंडळात गदारोळ झाला की आग्यामोहोळ उठते. एखादा पुढारी भलते बोलून गेला की आग्यामोहोळ उठते. आज येथे लिहावयाचे आहे ते मात्र खऱ्याखुऱ्या आग्यामोहोळाविषयी. पावसाळा ओसरून रब्बीचा हंगाम सुरू झाला की या माश्या पुणे शहरात दाखल होतात आणि उंच इमारतींचे छज्जे, पाण्याच्या टाक्यांचे तळ, पुलांच्या कमानी आणि जुने वड-पिंपळ यांना त्यांची मोठमोठी काळपट पोळी लोंबू लागतात. आप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने, तांबडी जोगेश्वरी आणि दगडूशेठ हलवाई गणपती यांमुळे दिवसभर माणसांनी गजबजलेली बुधवार पेठही या पाहुण्यांना वर्ज्य नाही.

पोळे दिसल्यानंतरचा क्रम ठरलेला असतो. चौथ्या मजल्यावरील कोणीतरी ते प्रथम पाहतो, चिटणीसांकडे तक्रार जाते, संध्याकाळी जिन्यात पाचसात सभासद जमतात आणि दहा मिनिटांत निर्णय होतो. मोहोळ काढणारा कोणी माहितीचा असेल तर त्याला निरोप जातो. नसेल तर कीटकनाशक फवारणाऱ्याला. दोघेही रात्री येतात, कारण रात्री सर्व माश्या पोळ्यावर असतात. सकाळी सफाई कामगार जिन्याखाली पडलेला मेलेल्या माश्यांचा ढीग झाडून नेतो आणि विषय संपतो.

विषय खरोखर संपतो काय, हा प्रश्न प्राणिशास्त्रज्ञांनी अनेकदा विचारला आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे त्याला हाच प्रश्न निराळ्या अंगाने विचारावासा वाटतो. जिन्यात जमलेले ते पाचसात सभासद निर्दय नसतात, मूर्ख तर नसतातच. त्यांच्यासमोर जो हिशेब असतो त्याप्रमाणे त्यांचा निर्णय बरोबरच असतो. चूक असेल तर ती त्या हिशेबाच्या मांडणीत आहे आणि ती मांडणी बदलणे एकट्या सोसायटीच्या हाती नाही.

चार माश्या, चार घरे

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘मधमाशी’ या एका नावाखाली आपण निरनिराळ्या जाती एकत्र करतो. महाराष्ट्रात मुख्यतः चार देशी माश्या आढळतात. आग्या माशी सर्वांत मोठी; ती उघड्यावर, उंच जागी, एकच मोठे पोळे बांधते. ते एक मीटर किंवा त्याहूनही रुंद असू शकते आणि त्यावर हजारो माश्यांचा जिवंत पडदा पांघरलेला असतो. फुलोरी माशीही उघड्यावरच राहते, पण तिचे पोळे तळहाताएवढे असते आणि ते झुडपाच्या बारीक फांदीवर किंवा गॅलरीतल्या वेलीवर सापडते. सातेरी माशी अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते. झाडाची ढोली, भिंतीतील भोक, वापरात नसलेली पेटी हे तिचे घर. चौथी, अगदी चिमुकली पोयाची माशी, हिला डंखच नाही. यांशिवाय पेट्यांतून पाळली जाते ती युरोपीय मेलिफेरा माशी. ती आपल्याकडे बाहेरून आणलेली आहे.

हा भेद केवळ अभ्यासकांच्या सोयीचा नाही. बुधवार पेठेसारख्या वस्तीत गेल्या काही दशकांत जे स्थित्यंतर झाले ते या माश्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ ध्यानात येतो. विटामातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, कोनाडे आणि परसातील झाडे असलेला वाडा हा सातेरी व पोया यांना आश्रय देणारा होता. वाडा जाऊन तेथे सिमेंटची उंच इमारत आली की या माश्यांची पोकळी जाते. आग्या माशीला मात्र जणू नवा कडाच मिळतो. तिच्या लेखी सह्याद्रीतील कातळाची कपार आणि सातव्या मजल्याचा छज्जा यांत फारसा फरक नसावा. म्हणजे जी माशी निरुपद्रवी होती तिला आपण घराबाहेर काढले आणि जिची आपल्याला सर्वाधिक धास्ती वाटते तिच्यासाठी घर बांधून ठेवले.

दोन अर्थशास्त्रज्ञ आणि एक माशी

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मधमाशी अपरिचित नाही. पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ साली एका निबंधात सफरचंदाचा बागायतदार आणि शेजारचा मधपाळ यांचे उदाहरण घेतले. बागेतील फुलांमुळे मधपाळाला मध मिळतो, पण त्याचा मोबदला बागायतदाराला मिळत नाही. उलट माश्यांमुळे फळधारणा होते, पण त्याचा मोबदला मधपाळाला मिळत नाही. ज्या लाभाची किंमत बाजार देत नाही तो लाभ समाजाला हवा तेवढा निर्माण होत नाही, हे मीड यांना दाखवावयाचे होते. या ‘बाह्य लाभा’चे हे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले.

१९७३ साली स्टीव्हन च्युंग यांनी या उदाहरणालाच हरकत घेतली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मधपाळ आणि बागायतदार प्रत्यक्षात काय करतात याची त्यांनी पाहणी केली. तेथे परागीभवनासाठी पेट्या भाड्याने देण्याचे रीतसर करार होते. ज्या पिकापासून मध भरपूर मिळे तेथे भाडे कमी आणि ज्यापासून मिळत नसे तेथे जास्त. एवढेच नव्हे, तर शेजारच्या बागायतदाराने एकरी जेवढ्या पेट्या ठेवल्या तेवढ्या आपणही ठेवाव्यात, असा एक अलिखित शेजारधर्मही तेथे पाळला जात होता. जो तो पाळत नसे त्याची वाईट शेजारी म्हणून गणना होई. बाजार जेथे अपुरा पडतो असे मीड यांना वाटले होते, तेथे लोकांनी करार आणि रूढी यांच्या साहाय्याने वाट काढली होती. आपल्याकडेही डाळिंबाच्या बागांत पेट्या भाड्याने ठेवण्याची पद्धत आता अनोळखी राहिलेली नाही.

तथापि मीड आणि च्युंग या दोघांच्याही माश्यांना मालक होता. पेटी कोणाची हे ठाऊक असल्यावरच करार होऊ शकतो. छज्जावरच्या आग्यामोहोळाला मालक नाही. त्याच्या वतीने भाडे मागणारा कोणी नाही आणि ते जाळल्याबद्दल नुकसानभरपाई मागणाराही कोणी नाही. झाडाचे तसे नाही. महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी कायदा केला आणि झाड तोडावयाचे तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक ठरवली. त्या कायद्याने फांदीचा विचार केला; फांदीला लटकलेल्या मोहोळाचा नाही.

शासकीय योजनांतही हेच घडते. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मध अभियान २०१७ साली सुरू झाले. २०२० साली केंद्र सरकारने मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. २०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. या सर्व गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु त्यांत मोजली जाते ती पेटी, किंवा पेटीतला मध. ज्या माशीला पेटी नाही ती कोणत्याच रकान्यात बसत नाही आणि जे रकान्यात बसत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कमही धरली जात नाही.

फुकटाची किंमत

आता सोसायटीचा हिशेब पाहू. मोहोळाचा धोका जवळचा, नेमका आणि खाजगी आहे. तो त्या इमारतीतील पंचवीसतीस कुटुंबांच्या वाट्याला येतो. मोहोळाचा लाभ दूरचा, विखुरलेला आणि सार्वजनिक आहे. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश पिके कमीअधिक प्रमाणात परागीभवन करणाऱ्या जिवांवर अवलंबून आहेत. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०१६ साली या सेवेची वार्षिक किंमत २३५ ते ५७७ अब्ज डॉलर एवढी अंदाजली होती. हे आकडे खरे असले तरी चिटणीसांच्या वहीत त्यांना जागा नाही. बुधवार पेठेतील एक पोळे जाळले म्हणून शेजारच्या मंडईत दोडका महागला, असे कोणीही दाखवून देऊ शकणार नाही. पन्नास पोळी जाळली तरी ते दाखवता येणे कठीणच. विखुरलेल्या हानीचे हेच लक्षण असते. ती खरी असते, पण तिची पावती कोणाच्याच नावे फाटत नाही.

त्यातच मोहोळ काढण्याच्या धंद्याची रचना हा हिशेब आणखी बिघडवते. मोहोळ झाडणारा पुष्कळदा फुकट किंवा नाममात्र पैशांत काम करतो, कारण त्याची मजुरी मधात असते. सोसायटीला हे फायद्याचे वाटते. उलट घरटी एक वाटी मध मिळाला तर आनंदच. परंतु ज्याची मजुरी मधात आहे त्याने माश्या वाचवण्यात वेळ का घालवावा? मशाल लावून माश्या हटवणे, सबंध पोळे अळ्या-कोषांसह कापून घेणे आणि दुसऱ्या कामाला लागणे हेच त्याच्या पोटापाण्याच्या दृष्टीने शहाणपणाचे. याउलट जो माणूस माश्या जिवंत ठेवून काम करतो तो पैसे मागतो, आणि ‘मध मिळतो आहे, वर पैसे कसले?’ असा प्रश्न त्याला विचारला जातो. पुण्यात ‘बी बास्केट’सारख्या उपक्रमांतून माश्या न मारता मोहोळ हलवण्याचे काम गेल्या काही वर्षांत सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण फुकट सेवेशी स्पर्धा करीत कोणतीही चांगली सेवा फार काळ तगू शकत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

शिवाय फुकटचे काम खरोखर फुकट असते असेही नाही. जाळाने हटवलेल्या माश्यांपैकी ज्या वाचतात त्या जवळपासच घोळका करून बसतात, आणि पुष्कळदा दोन दिवसांत शेजारच्या इमारतीच्या छज्जावर नवे पोळे दिसू लागते. आपला प्रश्न आपण शेजाऱ्याकडे पाठवलेला असतो. च्युंग यांच्या बागायतदारांचा शेजारधर्म येथे नेमका उलटा चालतो.

पुनर्वसन म्हणजे काय?

येथे एका लोकप्रिय शब्दाची छाननी करावयास हवी. मोहोळ मारण्याऐवजी त्याचे पुनर्वसन करावे, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. सातेरीच्या बाबतीत हे शब्दशः शक्य आहे. पोळी कापून लाकडी चौकटींत दोऱ्याने बांधावयाची, राणी हाती लागली की ती पेटीत ठेवावयाची, माश्या तिच्या मागोमाग येतात; अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी काही किलोमीटर दूर नेली की संसार नव्याने सुरू होतो. फुलोरीचेही फारसे अवघड नाही. पोळ्यासह फांदी कापून ती सावलीतील दुसऱ्या झाडाला बांधता येते. ही माशी शांत असते, जरी ती नव्या जागी टिकेलच असे नाही.

आग्या माशीची गोष्ट वेगळी आहे. ती पेटीत राहत नाही. तिला चौकटीवर आणण्याचे प्रयत्न याच शहरात झाले आहेत. पुण्याचे मधमाशी-संशोधक सी. व्ही. ठाकर यांनी अशा प्रयत्नांविषयीचे प्राथमिक टिपण १९७३ साली, म्हणजे च्युंग यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. अर्धशतक उलटून गेले तरी ही माशी पाळीव झालेली नाही. तेव्हा आग्यामोहोळाचे पुनर्वसन म्हणजे बहुतेक वेळा त्याला नवे घर देणे नव्हे, तर त्याला जिवंत जाऊ देणे. कुशल माणूस बेताने धूर देऊन माश्यांना उठवतो, त्यांना न जाळता पोळे उतरवतो आणि थवा आपली वाट शोधतो. पोळ्यातील पिल्लावळीचे नुकसान त्यातही होतेच. ते नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणूनच आग्या माशीच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय पुष्कळदा एकच असतो, तो म्हणजे थांबणे. ही माशी स्थलांतर करणारी आहे. हंगाम संपला, फुलोरा आटला की ती आपणहून पोळे सोडून जाते आणि मेणाचा रिकामा तुकडा मागे उरतो. पण ती पुन्हा येते, हेही तितकेच खरे. आसामातील मोहोळांच्या जनुकीय तपासणीवर आधारलेला एक निबंध २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला; काही महिन्यांनी परतलेली मोहोळे नेमक्या आपल्या जुन्याच जागी येत असल्याचे त्यात दाखवून दिले होते. याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. ज्या छज्जावर मोहोळ नको असेल, त्याचा बंदोबस्त माश्या आल्यावर नव्हे तर त्या गेल्यावर करावयाचा. पोळे रिकामे झाले की मेण खरवडून काढावे आणि जागेला जाळी लावावी. त्यात कोणाचा जीव जात नाही आणि कोणाला डंखही होत नाही. दुर्दैवाने धोका डोळ्यांसमोर असतानाच आपण खर्चाला तयार होतो. पोळे रिकामे झाले की जाळीचा विषय सोसायटीच्या सभेत कोणी काढीत नाही.

भीती खोटी नाही

माश्यांची बाजू घेणाऱ्यांकडून कित्येकदा एक अन्याय होतो. ते माणसांच्या भीतीची टर उडवतात. ती भीती निराधार नाही. आग्या माशी डंखाबरोबर एक गंध सोडते आणि त्या गंधाने शेकडो माश्या धावून येतात. अजिंठ्याच्या लेण्यांपासून शिवनेरीपर्यंत पर्यटकांवर माश्या तुटून पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्याला डंखाची तीव्र ॲलर्जी असते त्याच्या जिवावर एक डंखही बेतू शकतो. दिवाळीत उडालेला बाण, पतंगाचा मांजा, गच्चीवरच्या शेकोटीचा धूर किंवा पोळ्यावर झडप घालणारा पक्षी यांपैकी काहीही निमित्त पुरते आणि त्याचे परिणाम भोगतो तो खालून जाणारा भलताच माणूस. शाळेच्या जिन्यावर किंवा रुग्णालयाच्या दारावर लटकलेले मोहोळ ‘हंगाम संपेपर्यंत थांबा’ असे म्हणून सोडून देता येणार नाही.

पण सर्व मोहोळे शाळेच्या जिन्यावर नसतात. सातव्या मजल्यावर, कोणाच्या खिडकीपासून दूर असलेले पोळे आणि बालवाडीच्या दारावरचे पोळे यांत फरक करावयास हवा, आणि तो करण्यासाठी जाणता माणूस प्रत्यक्ष येऊन पाहून गेला पाहिजे. आज हा फरक कोणीच करीत नाही, कारण तो करण्यासाठी कोणाला पगार नाही.

करावयाचे काय?

सापांच्या बाबतीत पुणेकरांनी एक मोठा बदल घडवून आणला आहे. एके काळी घरात साप निघाला की काठी निघे. आज सर्पमित्राला निरोप जातो. या बदलामागे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे पाठबळ होते, १९८६ साली कात्रजला झालेल्या सर्पोद्यानासारख्या संस्थेने केलेले लोकशिक्षण होते आणि हाकेला धावून येणारी प्रशिक्षित माणसे होती. मोहोळांच्या बाबतीत यांतील संस्था तर आपल्या दारातच आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच, गणेशखिंड रस्त्यावर, बुधवार पेठेपासून तीनचार किलोमीटरांवर आहे. प्रशिक्षणाचे नमुनेही राज्यातच आहेत. वर्ध्याच्या डॉ. गोपाळ पालीवाल यांनी विदर्भातील मध गोळा करणाऱ्या आदिवासींना आग्यामोहोळाचा केवळ मधाचा भाग कापून, पिल्लावळीचा भाग शाबूत ठेवण्याची पद्धत शिकवली. जो माणूस आज मशाल घेऊन येतो त्याला धंद्यातून उठवण्याची आवश्यकता नाही. त्याच्या हातात दुसरे कौशल्य आणि निश्चित मजुरी देण्याची आहे.

महापालिकेने यासाठी काही मोठी योजना आखावी असे नव्हे. क्षेत्रीय कार्यालयात मोहोळांची एक नोंदवही असावी; बुधवार पेठेपुरते बोलावयाचे तर कसबा-विश्रामबागवाडा कार्यालयात. तक्रार आली की प्रशिक्षित माणसाने पाहणी करावी आणि माशीची जात, उंची व वर्दळ पाहून ‘राहू द्यावे’, ‘हलवावे’ किंवा ‘तातडीने काढावे’ असा लेखी शेरा द्यावा. काढण्याचे वा हलवण्याचे दर जाहीर असावेत आणि त्यातील काही हिस्सा महापालिकेने उचलावा. लाभ सार्वजनिक आहे, तेव्हा खर्चाचा सर्व भार खाजगी असणे न्याय्य नाही. उरलेला हिस्सा सोसायटीने द्यावा, कारण सुरक्षितता तिला मिळते. मध हा मजुरीचा भाग नसावा, ही अट मात्र कटाक्षाने पाळली जावी. तिच्यावाचून बाकीची सारी व्यवस्था कागदावर राहील. आणि जेथे माणसांची वर्दळ कमी आहे अशा टेकड्यांवर, उद्यानांत व महाविद्यालयांच्या विस्तीर्ण आवारांत मोहोळांना हात लावू नये, एवढी सूचना संबंधितांना दिली जावी.

यावर ‘रस्त्यांना पैसे नाहीत, तेथे माश्यांना कोठून आणणार?’ असा आक्षेप येईल. तो अपेक्षित आहे. त्याला उत्तर एवढेच की हा खर्च आजही होतोच आहे. तो फवारणीवाल्याच्या बिलात होतो, शेजारच्या इमारतीवर ढकललेल्या पोळ्यात होतो, आणि ज्या शेतकऱ्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही त्याच्या शेतातही, थोडाथोडा का होईना, होत असतो. फक्त तो एकत्र कोणी मांडलेला नाही.

महापालिका जागी होईपर्यंत सोसायट्यांना एक गोष्ट आपणहून करता येईल. उन्हाळ्याच्या अखेरीस माश्या गेल्यानंतर जी पहिली सभा होईल तिच्या विषयपत्रिकेवर, गळती आणि रंगकामाच्या जोडीला, छज्जाच्या जाळीचाही एक विषय घालावा. खर्च फार नाही. त्या दिवशी कोणाला भीती वाटत नसेल, म्हणून निर्णयही शांतपणे घेता येईल.